सहाव्या सर्टिफिकेटचं रेकॉर्डिंग

या मंगळवारी आमच्या ओपीडीत दापोऱ्याच्या सुशीलाबाई आल्या... सोबत त्यांची जाऊ. आणि त्यांनी तिला माझी जी ओळख करून दिली, ती ऐकून मी खुर्चीतच अवघडले. नाव बदललंय, आणि त्यांना विचारूनच लिहितेय.

आधी थोडं माझ्याबद्दल. मी बुऱ्हाणपूरचीच, सिंधीपुऱ्यातली. मानसशास्त्र शिकायला इंदूरला गेले, मग पुण्यात नोकरी, आणि आता इथल्याच एका हॉस्पिटलात मानसिक आरोग्याचं काम बघते.

शिकायची हौस मला जरा जास्तच. थेरपीचे एकापाठोपाठ एक कोर्स करत गेले... आघातातून गेलेल्या माणसांसोबत काम करायचा, कुटुंबांसोबत काम करायचा, नव्या काउन्सेलरना तयार करायचा. भिंतीवर पाच फ्रेम लागल्या. आई म्हणायची, "इतक्या परीक्षा देऊनपण तू डॉक्टर नाहीच का गं?"

लोकांसाठी मात्र मी 'पागलवाली मॅडम'. आमची खोली कॉरिडॉरच्या पार शेवटी होती. तिकडे वळताना कुणी पाहिलं तर आपल्या आधी बातमी गावात पोचायची... मग कोण येतंय!

म्हणून काही वर्षांपूर्वी मी हट्टच धरला. वेगळा विभाग नको, वेगळी पाटी नको, आमची खोली बीपी-शुगरच्या खोलीला लागून द्या. बीपी तपासतानाच नर्सने झोपेचं, जेवणाचं, मन लागतं का याचंही विचारायचं, आणि गरज वाटली तर मधलं दार उघडून द्यायचं. कागदोपत्री याला 'इंटिग्रेशन' म्हणत. वादावादी पुष्कळ झाली, पण जमलं.

सुशीलाबाई त्याच दारातून आल्या. पाच महिने धड झोप नाही, बीपी गोळ्यांना जुमानत नाही, केळीच्या बागेत जाणं सुटलेलं. जेवताना ताट समोर घेऊन नुसत्या बसून राहायच्या. तीनदा आल्या आणि तिन्ही वेळा केळीची लागवड, सुनेचं बाळंतपण, तापीचं पाणी... सगळं बोलल्या, आतलं सोडून.

त्याच दिवसांत माझं सहावं सर्टिफिकेट चाललं होतं. सगळ्यात वरच्या पातळीचं. त्यासाठी पेशंटच्या परवानगीने खऱ्या सेशनचं रेकॉर्डिंग पाठवावं लागायचं, ते ऐकून परीक्षक ठरवणार. शेवटचं एक रेकॉर्डिंग बाकी होतं आणि मुदत त्याच शनिवारी संपत होती.

मी सुशीलाबाईंना विचारलं. "तुमचं काम होत असेल तर करा ना," म्हणत त्यांनी फॉर्मवर सही केली. आमच्याकडची बाई दवाखान्याच्या टेबलावर आलेल्या कागदाला नाही म्हणतच नाही... इथलीच मुलगी असून मला हे सुचू नये?

मोबाईल टेबलावर ठेवला. लाल ठिपका लागला. सुशीलाबाई बोलायला लागल्या, धाकट्या बहिणीचं नाव घेतलं... आणि थांबल्या. नजर मोबाईलवर.

"मॅडम, ते पहिले बंद करा. मंग सांगते."

आणि मी काय केलं? कोर्समध्ये शिकवलं होतं तेच. हळुवार आवाजात विचारलं, "ते सुरू असताना तुम्हाला काय वाटतंय, त्यावर बोलूया का?"

"वाटायचं काय त्याच्यात? बंद करा ना."

तरी माझा हात हलला नाही. मान डोलावली, आणखी एक प्रश्न विचारला... परीक्षकाला आवडेल असा. खोटं कशाला बोलू, मी त्या वेळी त्यांच्याशी बोलतच नव्हते, रेकॉर्डिंगशी बोलत होते. अशी चांगली दहा मिनिटं गेली.

त्यांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. पिशवी मांडीवर घेतली. चपलेत पाय सरकवत म्हणाल्या, "येते मंग. बीपीची गोळी तेवढी घेऊन जाते."

तेव्हा कुठे मी भानावर आले. या बाई आता गेल्या तर परत येणार नाहीत... गोळ्या घेतील, आणि रात्ररात्र जागत राहतील. मी मोबाईल उचलला, रेकॉर्डिंग बंद केलं, जेवढं झालं होतं तेही त्यांच्यासमोर पुसलं आणि फोन ड्रॉवरमध्ये टाकला. "चुकलं माझं. बसा ना," एवढंच म्हणता आलं.

त्या बसल्या. बोलल्या, रडल्या, परत बोलल्या... काय ते इथे लिहिणार नाही, ते त्यांचं आहे. मग येत राहिल्या. हळूहळू झोप लागायला लागली, बीपी खाली आला, आणि एक दिवस निरोप आला की आज येत नाही, बागेत घड उतरवायला जायचंय. मला इतका आनंद झाला की मी नर्सला जाऊन दोनदा तेच सांगितलं.

मुदत अर्थातच हुकली. सर्टिफिकेट पुढच्या वर्षी मिळालं, दुसऱ्याच कुणाच्या सेशनवर. सहावी फ्रेमही भिंतीवर लागली.

तर मंगळवारी... जाऊ दारातच उभी. माझ्याकडे पाहिलं, त्या सहा फ्रेमकडे पाहिलं आणि घाबरून कुजबुजली, "ह्या काय करतील मला?"

सुशीलाबाईंनी तिच्यासाठी खुर्ची ओढली. "काही नाही करत. त्यांना बंद करा म्हटलं न, तर बंद करतात. मंग आपण बोलायचं."

मला भरून आलं, आणि लाजही वाटली. ती दहा मिनिटं त्या विसरल्या असतील, किंवा आठवत असूनही सोडून दिली असतील. मी विसरलेले नाही. जाऊ खुर्चीत टेकायच्या आधीच मी फोन ड्रॉवरमध्ये टाकला.

सुशीलाबाई, अशी ओळख करून दिल्याबद्दल तुमचे आभार... आणि तुम्हाला दोनदा सांगावं लागलं, त्याबद्दल माफ करा.