कॅप्टन टार्काचा उजवा डोळा

सुपीरियर सरोवराजवळच्या हँकॉक गावचा वेंडेल टार्का अठरा वर्षं पन्नास जणांचं छोटं विमान चालवत होता. सकाळी शिकागो, दुपारी परत. त्याच्या शेजारी बसून शिकलेली पोरं मोठ्या कंपनीत गेली, समुद्र ओलांडू लागली. हा मात्र तिथल्या मुलाखतीत दोनदा आपटला होता.

त्याची बायको लोर्ना म्हणायची, "तुझे चेले पॅरिसला जेवतात, आणि तू शिकागोला उभ्या उभ्या थंड सँडविच गिळतोस."

सत्तेचाळिसाव्या वर्षी, तिसऱ्या खेपेला, मोठ्या कंपनीने हो म्हटलं. मार्चमध्ये प्रशिक्षण सुरू होणार होतं. पत्र वाचून लोर्नाला रडू आलं; वेंडेल मात्र हिशेब मांडत बसला. नव्या ठिकाणी ज्येष्ठतेत सगळ्यात शेवटचा नंबर. त्यात प्रशिक्षणात नापास झालो, तर इथली अठरा वर्षंही पाण्यात.

फेब्रुवारीत एका दुपारी परतताना बर्फ पडत होता. उतरायला दहा मिनिटं उरली असताना त्याच्या उजव्या डोळ्यापुढे काळे धागे तरंगू लागले. आधी त्याला वाटलं, काचेवर काही आलंय. मग डोळ्याच्या कोपऱ्यात लख्ख चमकलं. एकदा, दोनदा. त्याच्या मानेवरून घामाची धार उतरली. मागे त्रेचाळीस माणसं बसली होती.

"तमिका, विमान तुझ्याकडे घे," तो म्हणाला.

सहवैमानिक तमिका रुईझ सव्वीस वर्षांची होती. "आज उतरवायची पाळी तुमची ना, कॅप्टन?"

"डोळ्याला काहीतरी झालंय. तू उतरव. मी आकडे वाचतो."

तिने विमान हातात घेतलं. आडवा वारा विमानाला ढकलत होता. वेंडेल डाव्या डोळ्याने उंची वाचत गेला. चाकं टेकली तेव्हा दोघांचेही ओठ कोरडे पडले होते.

प्रवासी उतरल्यावर तमिका हळूच म्हणाली, "तुमच्या प्रशिक्षणाला तीनच आठवडे उरलेत. मी काही पाहिलं नाही."

वेंडेलला ते हवंहवंसं वाटलं. त्याने उड्डाणाची नोंदवही पुढे ओढली. मग म्हणाला, "पाहिलंस म्हणून तर उतरलो. खोटं बोलू नकोस, पोरी."

आवारात त्याला गाडीची किल्लीही नीट लावता येईना. त्याने लोर्नाला फोन केला.

"चालवू नकोस. बस तिथेच. मी आलेच," ती म्हणाली.

मार्केट शहरातल्या डोळ्यांच्या डॉक्टरिणीने सांगितलं, डोळ्याचा पडदा फाटलाय, आणखी दोन दिवस गेले असते तर सुटून आला असता. लेझरने तो सांधला. वेंडेलने स्वतःच दोन्ही कंपन्यांना कळवलं. चार महिने उड्डाण बंद. मोठ्या कंपनीचं दोन ओळींचं उत्तर आलं: पुन्हा अर्ज करावा.

ते चार महिने तो रोज सकाळी खिडकीशी उभा राहून एकेक डोळा मिटून समोरचं झाड पाहायचा. लोर्ना चहा ठेवायची आणि निघून जायची. जूनमध्ये परवानगी मिळाली आणि तो त्याच छोट्या विमानात परतला.

दीड वर्षाने चौथी मुलाखत झाली. समोरच्या बाईंनी विचारलं, "सगळ्यात कठीण निर्णय कोणता घेतलात?" त्याने घाबरलेल्या आवाजातच सारं सांगितलं. त्यांनी त्याला घेतलं.

तमिका तिथे आठ महिने आधीच लागली होती. तिचा फोन आला. "आता मी तुम्हाला ज्येष्ठ. कॉफी तुम्ही आणायची."

"आणीन की," तो म्हणाला.

दर सहा महिन्यांनी वैमानिकाची वैद्यकीय तपासणी होते. पन्नाशीकडे झुकलेला वेंडेल अजूनही त्या दवाखान्याच्या पायऱ्यांवर थांबतो. मग लोर्ना त्याचं कोपर धरते, आणि दोघं आत जातात.