बॉनेटवरचे ओरखडे

आमच्या काकांना मी अहो-जाहो करते, म्हणून इथेही करीन. सवय आहे. आदर वगैरे काही नाही.

बाबा गेल्यावर त्यांची गडद निळी गाडी मुलुंडच्या आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये कव्हर घालून नुसती उभी होती. मला गाडी चालवायची भीती वाटते आणि आईला येत नव्हती. मग एक दिवस आईने कुणालाही न विचारता मोटार ट्रेनिंग स्कूलमध्ये नाव घातलं. साठीला टेकलेली बाई, पदर खोचून स्टेअरिंगवर बसायची आणि क्लच सोडताना ओठ चावायची. पण शिकली. पहिल्यांदा एकटी वाकोल्याला मावशीकडे जाऊन आली तेव्हा पाणीसुद्धा न पिता म्हणाली, "कुणाला म्हणावं लागलं नाही गं, जरा सोडता का म्हणून." बाबा गेल्यापासून तिचं सगळंच विचारून चाललं होतं. बँकेत जाऊ का, लग्नाला जाऊ का, गावी कुणाबरोबर जाऊ. गाडीत बसली की ती कुणालाच काही विचारत नसे. एवढं एकच तिच्या हातात आलं होतं आणि नेमकं तेच काकांच्या डोळ्यांत खुपलं.

काका म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ, चेंबूरला राहतात. दसऱ्याला सकाळीच हजर झाले, कारण वाहनाची पूजा घरच्या पुरुषाने करायची असते म्हणे. आई पूजेचं ताट घेऊन खाली आली, तर त्यांनी ते तिच्या हातातून काढून घेतलं. "वहिनी, तुम्ही राहू द्या." मोठ्याने नाही, अगदी गोड आवाजात. आई मागे सरकून खांबापाशी उभी राहिली. गाडी ती चालवते, पेट्रोल ती भरते, झेंडूचा हार तिने पहाटे उठून ओवला होता, आणि कुंकवाला मात्र तिचा हात चालत नव्हता. माझी कानशिलं तापली. आईने डोळ्यांनीच दटावलं, म्हणून मी गप्प बसले. बसायला नको होतं का, हा विचार मी आता करत नाही, कारण केला की जेवण जात नाही.

काकांनी तेलात कालवलेल्या कुंकवाने बॉनेटच्या मधोमध भलंमोठं स्वस्तिक काढलं, तसंच एक मागे डिकीवर. नारळ फोडला. वर येऊन श्रीखंड-पुरी चापली, तासभर लवंडले. निघताना म्हणाले, "कुंकू असंच ठेवलं तर रंग धरेल. मीच पुसतो जाता जाता." पूजेचं कुंकू आईने पुसायचं नाही, हाही त्यांचाच नियम. तिच्या स्वतःच्या कपाळावरचं पुसताना घरातल्या कुणाला कसला नियम आठवला नव्हता. आम्ही दोघी वर भांडी आवरत राहिलो.

दिवाळी संपल्यावर काका पुन्हा आले. सकाळचं तिरकं ऊन पार्किंगमध्ये शिरलं होतं आणि त्या उन्हात बॉनेटवर केसासारख्या बारीक ओरखड्यांचं जाळं चमकत होतं. काकांनी त्यावरून बोट फिरवलं, च्‌ च्‌ केलं.

"वाट लावलीत गाडीची! दादाने पोरासारखी जपली होती. वहिनी, हे वय आहे का तुमचं? उद्या कुणाला ठोकलंत म्हणजे? ते काही नाही, रविवारी येतो आणि गाडी चेंबूरला नेऊन ठेवतो. लागेल तेव्हा फोन करा, मी येईन ना."

आई म्हणाली, "बरं."

बरं! मला वाटलं समोरची कुंडी उचलून आपटावी. काका गेल्यावर आई जिन्यातच म्हणाली, "माझ्याकडूनच लागलं असेल गं. भाजी मार्केटच्या गल्लीत किती गर्दी असते."

"आई, बॉनेटच्या मधोमध? भाजीवाली काय वरून उडी मारून गेली?"

"असू दे. जायचीच आहे तर नीट होऊन जाऊ दे. तुझ्या बाबांची आहे."

तिला ओरखडे काढून हवे होते. मला काकांचं नाक ठेचून हवं होतं. पण शनिवारी मीच ओरखडे घासून काढायच्या कंपाउंडची डबी आणि मऊ फडकी आणली, व्हिडिओ बघितले आणि गाडी सावलीत घेऊन आम्ही दोघी भिडलो. आधी धूळ राहणार नाही अशी स्वच्छ धुतली. मग ओरखड्यावरून आडवं नख फिरवून पाहिलं. नख अडकलं तर जखम खोल. आमचं घसरून गेलं, म्हणजे वरच्या पारदर्शक थरालाच लागलं होतं. कंपाउंड म्हणजे अगदी बारीक कच असलेली पेस्ट. ती फडक्यावर चिमूटभर घ्यायची, वीतभर जागा धरायची आणि हलक्या हाताने सरळ सरळ घासायचं. मी रागाच्या भरात बोटभर घेतली. काचेच्या खालच्या काळ्या प्लास्टिकवर चिकटपट्टी लावायची तर विसरलेच. त्या खरखरीत प्लास्टिकमध्ये पांढरी पेस्ट जाऊन बसली आणि वाळली. मी काकांच्या नावाने जे काही बोलले ते इथे लिहिता येणार नाही.

"शिव्या देऊन निघणार आहे का ते?" म्हणत आई जुना टूथब्रश आणि साबणाचं पाणी घेऊन आली. वाकून प्लास्टिकच्या फटी साफ करायला लागली आणि मध्येच थांबली. ब्रशला तंतू लागले होते. राठ, तपकिरी, टोकाला गुलाबी.

"हे नारळाचं आहे," ती म्हणाली.

मी बघत राहिले. ती चालत मागे डिकीपाशी गेली. तिथेही तेच जाळं, गोल, ताटाएवढं. बाकी सगळी गाडी साफ. ओरखडे जिथे जिथे स्वस्तिक होतं तिथेच होते. गावी पितळी भांडी शेंडीने आणि राखेने घासायचे, लखलखीत निघायची. काकांनी फोडलेल्या नारळाची शेंडी ओली करून बाबांची गाडी घागरीसारखी घासली होती. पार्किंगच्या धुळीसकट. आणि नंतर येऊन त्याच जागेवर बोट फिरवून माझ्या आईला तिचं वय विचारलं होतं.

आईने ब्रशला लागलेले तंतू काढून पदराच्या टोकाला बांधले. मग म्हणाली, "तुझ्या बाबांच्या फोटोसमोर रोज माफी मागत होते मी."

तिने ब्रश साबणाच्या पाण्यात आपटला. बाबा गेल्यापासून मी तिला असं रागावलेलं पाहिलं नव्हतं. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. आम्ही बॉनेट पूर्ण केलं. डिकीकडे वळले तर तिने माझा हात धरला. "मागचं राहू दे."

रविवारी काका ट्रेनने आले, जाताना गाडी न्यायची होती ना. बॉनेट बघून खूश झाले. "अरे वा, झकास! कुठे करून घेतलंत?"

आई त्यांना मागे घेऊन गेली. डिकी दाखवली आणि मूठ उघडून ते गुलाबी तंतू त्यांच्यासमोर धरले. काकांनी ओळखलं. चेहऱ्यावर दिसलं मला. तरी म्हणालेच, "त्याने काय होतंय? साधी शेंडी ती. तुम्ही उगाच..."

आई खरी रागावली की मालवणीवर येते. तिने फडकं आणि डबी त्यांच्या हातात दिली. "भावोजी, ह्या तुमचा काम. पुसा."

काका हसले. आई हसली नाही. समोरच्या विंगमधले आजोबा पेपर खाली करून बघायला लागले. काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी मदत करायला हललेसुद्धा नाही. शेवटी त्यांनी बाह्या वर केल्या आणि घासायला लागले. चांगला घामटा निघेपर्यंत घासलं. सगळं गेलं नाही, पण बरंच गेलं.

हात पुसून त्यांनी सवयीने तळवा पुढे केला, किल्लीसाठी.

"किल्ली माझ्याकडेच राहील," आई म्हणाली. "आणि पुढच्या दसऱ्याला गाडीला कुंकू मी लावणार. तुम्ही सगळे जेवायला या."

काकांचा तळवा तसाच राहिला. आई दार उघडून स्टेअरिंगवर बसली, पदर खोचला, काच खाली केली.

"बसा मागे, स्टेशनला सोडते."