धक्क्यापर्यंतची वाट

रूबेन ओयाला माझ्या समोरच्या घरात राहायचा. त्याची सगळी नोकरी शाळेचं बॉयलर सांभाळण्यात झाली. निवृत्त झाल्यावर त्याने सांभाळायला एक जुना ट्रॅक्टर धरला, असं त्याची बायको व्हर्ना म्हणायची. बागेतलं गवत कापायला घेतात तसला तो बुटका, लाल ट्रॅक्टर होता आणि रूबेनच्या लग्नापेक्षा थोडाच लहान. हिवाळा आला की रूबेन त्याची गवताची पाती काढून पुढे बर्फ फेकणारं यंत्र जोडायचा, मागच्या चाकांना साखळ्या चढवायचा. यंत्रातलं पिळाचं पातं बर्फ आत ओढायचं आणि वरच्या नळकांड्यातून लांब भिरकावून द्यायचं. नळकांड्याचं तोंड फिरवायला बाजूला एक दांडा होता. वारा कुठूनही असो, रूबेनने टाकलेला बर्फ कधी स्वतःच्या तोंडावर आला नाही की शेजाऱ्याच्या कुंपणावर गेला नाही.

मी काउंटीचा बर्फ काढणारा ट्रक चालवायचो. रस्ता साफ करताना दोन्ही कडेला बर्फाचा बांध पडतो आणि तो नेमका लोकांच्या दारात पडतो. त्याला इलाज नाही. रूबेनचं दार आलं की तो ट्रॅक्टरवर बसल्याबसल्या हात वर करायचा.

"आलास का, लॉइड, डोंगर घेऊन?"

"घरबसल्या काम आणून देतो तुला," मी म्हणायचो. "नाहीतर व्हर्ना तुला भांडी घासायला लावेल."

आमचं बोलणं बहुतेक एवढंच. सुपीरिअर सरोवराच्या या काठावर बर्फ नोव्हेंबरात येतो आणि एप्रिल सरला तरी जायचं नाव घेत नाही, त्यामुळे तेवढं बोलणं सहा महिने पुरायचं.

त्यांचा एकुलता मुलगा कर्ट तिशी ओलांडलेला, छपरं शाकारायचं काम करायचा आणि शेजारच्या गावात एकटा राहायचा. दर शनिवारी तो सौनाला घरी यायचा. बाप-लेक त्या लाकडी खोलीत तापलेल्या दगडांवर पाणी टाकून तासभर वाफेत बसायचे, मग व्हर्नाने भाजलेला वेलदोड्याचा गोड पाव कॉफीत बुडवून खायचे. आत काय बोलता, असं मी एकदा विचारलं होतं. रूबेन म्हणाला, "तो म्हणतो पाणी टाक, मी टाकतो."

त्या वर्षी मार्चअखेरीला कर्ट एका मित्राबरोबर गोठलेल्या तळ्यावर मासेमारीला गेला. दोघांच्या बर्फावरून धावणाऱ्या दोन स्नोमोबाइल होत्या. नदी जिथे तळ्याला मिळते तिथे खालून प्रवाह असतो, बर्फ वरून जाड दिसतो आणि आतून पोकळ असतो. मित्राची गाडी कडेला थांबली, कर्टची आत गेली.

सांगायला शेरिफचा माणूस आला तेव्हा रूबेन दारासमोरची वाट साफ करत होता. मीही तिथेच होतो, ट्रक रस्त्याच्या कडेला लावून टायरमधलं काहीतरी बघत होतो. त्या माणसाने टोपी काढून हातात धरली. रूबेनने इंजिन बंद केलं नाही, नुसतं मंद केलं. जे सांगायचं ते सांगून झालं. पाणबुडे निघालेत, पण कर्ट अजून सापडलेला नाही.

रूबेनने विचारलं, "व्हर्नाला सांगितलं?"

"नाही."

"मी सांगतो. आधी एवढं संपवतो. आता लोक येतील, त्यांना गाड्या लावायला जागा लागेल."

आणि त्याने खरंच उरलेली वाट साफ केली. टोकाला गेला, वळला, परत आला, कडा सरळ करून घेतल्या. शेरिफचा माणूस टोपी हातात घेऊन तसाच उभा. स्वयंपाकघराच्या खिडकीत व्हर्ना उभी होती. बर्फात टोपी काढून उभा असलेला माणूस तिने बघितला आणि काय ते ती समजली. तिला कोणी सांगावं लागलं नाही. ती काचेतून बघत राहिली आणि तिचा नवरा बर्फ उडवत राहिला.

तळ्याला बोटींचा धक्का आहे. तिथवर जाणारी वाट पाइनच्या झाडांमधून जाते, इतकी अरुंद की माझा ट्रक शिरतच नाही. हिवाळ्यात ती कोणी उघडत नाही. पाणबुड्यांची गाडी त्या वाटेच्या तोंडाशी अडकून पडली होती, सामान खांद्यावरून न्यायचं म्हणजे दिवस मावळला असता. रूबेनला हे कळलं तेव्हा तो घरात होता. तो उठला, कोट घातला आणि ट्रॅक्टर काढून मोठ्या रस्त्याला लागला. ट्रॅक्टरचा वेग माणसाच्या चालण्याएवढा. मागून येणारी एखादी गाडी त्याला उडवेल म्हणून मी माझा ट्रक त्याच्या मागे घेतला, वरचा पिवळा दिवा लावला आणि तसेच आम्ही तळ्यापर्यंत गेलो. पुढे तो छोटा लाल ट्रॅक्टर, मागे माझं धूड. समोरून येणारे लोक बाजूला थांबले. कोणी भोंगा वाजवला नाही.

त्याने धक्क्यापर्यंतची सगळी वाट मोकळी केली. दुसऱ्या दिवशी वाऱ्याने ती पुन्हा बुजली, त्याने पुन्हा केली. कर्ट सापडेपर्यंत तो रोज जात होता आणि मी त्याच्या मागे.

कर्टला वर काढलं तेव्हा आम्ही काठावर होतो. रूबेन जवळ गेला, खाली वाकला, बराच वेळ बघत राहिला. मग तो उठला आणि पाणबुड्यांना म्हणाला, "थर्मासमध्ये कॉफी आहे. गारठला असाल."

गावात हे पसरायला वेळ लागला नाही. कोणी म्हणालं, दगड आहे. कोणी म्हणालं, त्याचा बापही असाच होता. दफनानंतर चर्चच्या तळघरात जेवण ठेवलं होतं, तिथे व्हर्नाला बायकांनी धरून बसवलं होतं, ती रडत होती. रूबेन खुर्च्या मांडत होता. पाद्री त्याच्या खांद्यावर हात ठेवून काही बोलला. रूबेनने मान हलवली आणि आणखी खुर्च्या हव्यात का विचारलं.

त्यानंतर त्या घरातलं बोलणं आटलं. व्हर्नाने माझ्या बायकोला सांगितलं, "त्या दिवशीची ट्रॅक्टरची ती वळणं माझ्या डोळ्यांपुढून जात नाहीत. माझं पोर पाण्यात होतं आणि हा कडा सरळ करत होता." सौना शनिवारी तापायची, पण रूबेन एकटाच जायचा आणि लगेच बाहेर यायचा. उन्हाळा गेला, पानं गळली, त्याने गवताची पाती काढून बर्फाचं यंत्र जोडलं. मी ट्रक घेऊन गेलो की तो हात वर करायचा. डोंगराबद्दल त्याने विचारलं नाही, मीही काही म्हणालो नाही.

जानेवारीत एका सकाळी बघतो तर ट्रॅक्टर वाटेत उभा आणि रूबेन त्याच्यापुढे बर्फात आडवा. मी ट्रक सोडून धावलो. त्याला काही झालं नव्हतं. गोठलेल्या वर्तमानपत्राची गुंडाळी पात्यात अडकून पिन तुटली होती. ती पिन तुटण्यासाठीच असते, म्हणजे गिअर वाचतो. नवी घालायला पाच मिनिटं लागतात. पण रूबेनच्या बोटांत ती ठरत नव्हती. तो पुन्हा पुन्हा घालत होता आणि ती पुन्हा पुन्हा बर्फात पडत होती.

तेवढ्यात व्हर्ना आली, अंगात कोट नाही, पायात घरातल्या सपाता. तिलाही खिडकीतून तो आडवाच दिसला होता. जिवंत आहे हे बघून ती गुडघ्यांवर बसली. त्याच्या हातातून पिन घेतली आणि भोकात बसवली. मी मागून टोक वाकवलं.

"हात बधिर झालेत तुझे," ती म्हणाली. "हातमोजे कुठेत?"

रूबेन तसाच पडून होता. म्हणाला, "व्हर्ना, मला काही वाटत नाही. कर्ट गेल्यापासून. मी वाट बघतोय. आज रडू येईल, उद्या येईल. येतच नाही. मला तर कॉफीची चवसुद्धा लागत नाही."

मला वाटलं आता ती वर्षभराचं सगळं बोलून घेईल. ती त्याच्या बोटांवर फुंकर घालत होती.

"मलाही नाही," ती म्हणाली.

"तू तर रडलीस."

"बायका बघत होत्या. रडले नसते तर काय म्हणाल्या असत्या? घरी आल्यावर बघितलं, तर आत काहीच नव्हतं. तू दगड आहेस म्हणून तुझा राग करत बसले. तेवढंच काय ते वाटायचं."

मी उठून निघायला लागलो, तर व्हर्नाने आत बोलावलं. आम्ही तिघं स्वयंपाकघरात बसलो. रूबेनचे हात तिने कोमट पाण्याच्या पातेल्यात धरले होते. मधेच रूबेन म्हणाला, की त्या दिवशी वाट संपू नये असं मला वाटत होतं. संपली की आत जावं लागणार होतं. व्हर्नाने ऐकलं. तिने पातेल्यात आणखी कढत पाणी ओतलं.

चमत्कार काही झाला नाही. ती दोघं पुन्हा बोलायला लागली, एवढंच. शनिवारी सौनात व्हर्ना त्याच्याबरोबर बसायला लागली. त्याने तिला ट्रॅक्टर शिकवला आणि ती नळकांडं नेहमी उलट्या बाजूला फिरवायची, तेव्हा बर्फाने पांढरा झालेला रूबेन चष्मा पुसत म्हणायचा, "बाई, बर्फ बाहेर टाकायचा असतो." वर्षं गेली. एकदा तो एकटा सापडला तेव्हा मी विचारलं, आता काही वाटतं का?

"अजून नाही," तो म्हणाला. "पण आता दोघं मिळून वाट बघतो."

रूबेन गेल्या ऑक्टोबरात झोपेतच गेला. दफनाच्या वेळी व्हर्ना शांत होती. खाली तळघरात जेवण मांडलं, बायकांनी ताटं भरली, आणि हातात ताट घेतलेली व्हर्ना एकाएकी रडायला लागली. हे आधीसारखं रडणं नव्हतं. ताट हातातून गेलं, आवाज असा निघाला की मुलं आयांना बिलगली. बायका गोळा झाल्या, रूबेन किती चांगला होता, किती शांतपणे गेला, असं सांगायला लागल्या. तिने त्यांना बाजूला केलं. मी भिंतीशी उभा होतो, ती माझ्याकडे आली आणि माझी बाही धरली.

"लॉइड, हे कर्टचं आहे," ती म्हणाली. "रूबेनचं अजून यायचंय."

मी तिला खुर्चीवर बसवलं. संध्याकाळ होईपर्यंत ती तिथे बसून होती आणि मी तिच्या शेजारी.