एल्कचा नंबर

अमेरिकेत आल्यावर मला सगळ्यात जास्त सुख कशाचं वाटलं असेल, तर कशासाठीही नंबर लावावा लागत नव्हता याचं. फोन हवा म्हटलं की दोन दिवसांत माणूस येऊन तार जोडून जायचा. गाडी घ्यायला गेलं तर विकणाराच आपल्या मागे लागायचा. नागपूरला बाबांनी स्कूटरसाठी नंबर लावला तेव्हा मी परकर-पोलक्यात होते आणि स्कूटर दारात आली तेव्हा माझं लग्न ठरलं होतं. त्यामुळे ॲन आर्बरला आमच्या शेजारचे काका एका जानेवारीत दारात बर्फाचे बूट काढता काढता म्हणाले, "बघू, या वर्षी तरी माझं नाव निघतंय का," तेव्हा माझे कान टवकारले. या देशात कशासाठी नाव निघावं लागतं?

"एल्कसाठी," ते म्हणाले.

हे काका गोरे, सत्तरीला टेकलेले. मोटारींच्या कारखान्यात साचे बनवण्यात आयुष्य गेलं, बायको वारली, मूलबाळ नाही. आमच्या पहिल्याच हिवाळ्यात न सांगता आमच्या दारातला बर्फ उपसून दिला, म्हणून मी त्यांना काका म्हणायला लागले. अर्थ समजावून सांगितल्यावर त्यांना ते इतकं आवडलं की फोनवरसुद्धा "काका बोलतोय" म्हणायचे, फक्त ते "काऽके" असं ऐकू यायचं.

एल्क म्हणजे आपल्या सांबराच्या जातीतलाच, पण सांबर त्याच्यापुढे वासरू वाटावं एवढा मोठा. थोडे एल्क आमच्या मिशिगनच्या उत्तरेलाही होते, पण काकांना ते नको होते. त्यांना वायोमिंगच हवं होतं. तरुणपणी ते तिथे शिकारीला जायचे. त्या काळी म्हणे गावातल्या दुकानात पेट्रोल, काडतुसं आणि बीन्सचे डबे घेताना त्याच गल्ल्यावर एल्कचा परवाना मिळायचा. त्याला टॅग म्हणतात, कारण मारलेल्या जनावराला तो बांधावा लागतो. आता बाहेरच्या राज्यातल्या माणसाला आधी अर्ज, त्याबरोबर सगळी फी, आणि मग लॉटरी. फी दर थोड्या वर्षांनी वाढत होती आणि अर्ज करणारेही वाढत होते. एवढे पैसे मोजून माणसं रांगेत का उभी राहतात, हे मला कळेना, आणि कळत नाही म्हणून सोडून देणं माझ्या स्वभावात नाही.

दर जानेवारीला काका नियमांची पुस्तिका घेऊन यायचे आणि ती माझ्या हातात द्यायचे. "वाच, मोठ्याने वाच." माझं इंग्रजी सुधारावं म्हणून असेल असं मी समजायचे आणि मनातल्या मनात चिडायचेही. युनिव्हर्सिटीच्या लायब्ररीत नोकरी करणाऱ्या बाईचं इंग्रजी हे काय सुधारणार? पण वाचता वाचता मला त्यात रस यायला लागला. तिथल्या माणसाला हाच टॅग जवळजवळ फुकट आणि आपल्याला त्याच्या कितीतरी पट दाम, असं का? काका म्हणाले, जनावरं त्या राज्यातल्या लोकांच्या मालकीची असतात.

"आणि जंगल?"

"जंगल देशाचं."

"म्हणजे झाड तुमचं, माझं, सगळ्यांचं, आणि त्या झाडाखाली उभा असलेला एल्क मात्र वायोमिंगवाल्यांचा?"

"बरोबर."

"आणि तो चालत चालत शेजारच्या राज्यात गेला तर?"

"तर त्यांचा." काका गालात हसत होते. "त्याला कुणी सांगितलेलं नसतं."

मी आठवडाभर लायब्ररीत त्यावर वाचत बसले. नवरा म्हणाला, "अगं, पीएच.डी. करतेस की काय एल्कवर?" मी म्हटलं, "तुम्ही करा तुमची धातूंवर, मला एल्क पुरे."

पण एक गोष्ट मला अजिबात पचली नाही. काकांनी ओळीने चार-पाच वर्षं अर्ज केले होते. मी समजत होते की एवढी वर्षं थांबलेला माणूस आता पुढे आला असेल. तसं काही नव्हतं. दर वर्षी सगळी नावं पुन्हा नव्याने टाकायची. पहिल्यांदा अर्ज करणारा पोरगा आणि हे काका एकाच पंगतीत.

"म्हणजे गेल्या वर्षीचं थांबणं मोजतच नाहीत?"

"नाही."

"ही कसली मेली रीत?" हे मी मराठीतच बोलले. आमच्याकडचा नंबर मुंगीच्या पावलाने का होईना, पण पुढे तर सरकायचा. वाट बघणाऱ्याला काहीतरी किंमत होती. शिवाय काकांचे गुडघे गेलेले. जिना उतरताना कठडा धरायचे. "हे गुडघे आणखी एखादा हिवाळा चालतील," असं ते हवामानाबद्दल बोलावं तसं सहज बोलायचे. एकदा तो डोंगर परत बघायचा, एल्कची हाक ऐकायची, एवढीच त्यांची इच्छा होती आणि ती एका चिठ्ठीवर अडली होती. मला त्यांची फार कणव यायची.

मग मला उपाय सुचला. आमच्या घरी स्कूटरसाठी बाबांनी एकट्याच्या नावाने नंबर लावला नव्हता. आईच्या नावाने, माझ्या सख्ख्या काकांच्या नावाने, आणि जिने कधी सायकललासुद्धा हात लावला नाही त्या माझ्या आत्याच्याही नावाने लावला होता. सगळेच असं करायचे. शेवटी नंबर लागला तो आत्याचा, आणि स्कूटर आयुष्यभर चालवली बाबांनी. त्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. घरात एकाचा लागला की सगळ्यांचा लागला.

त्या वर्षी काकांचा अर्ज भरून झाल्यावर मी आणखी दोन अर्ज भरले. एक नवऱ्याच्या नावाने, एक माझ्या. नाव नाही निघालं तर फी परत येणारच होती, त्यामुळे काही बिघडत नव्हतं. नवऱ्याने सही करताना फक्त एवढंच विचारलं, "शिकार करायची म्हणजे नक्की काय करायचं असतं?" मी म्हटलं, "तुम्हाला काही करायचं नाहीये. काकांना द्यायचाय." काकांना आश्चर्याचा धक्का द्यायचा म्हणून आम्ही त्यांना चकार शब्द बोललो नाही.

निकाल आले. काकांचं नाव नव्हतं. नवऱ्याचंही नव्हतं. माझं निघालं.

मी आनंदाने नाचायचीच बाकी होते. भरभर रव्याचे लाडू वळले, डबा आणि तो कागद घेऊन बर्फाच्या चिखलातून काकांच्या घरी गेले. "काका, आपला नंबर लागला." त्यांनी कागद हातात घेतला, उजेडात धरला, मग मलाच परत दिला आणि म्हणाले, वाचून दाखव. मी वाचलं. त्यांनी लाडवांचा डबा बाजूला सरकवला. मग शांतपणे म्हणाले, "हा तुझा आहे. मला देता येत नाही. टॅगवर ज्याचं नाव, बंदूक त्यानेच चालवायची. दुसऱ्याने चालवली तर गुन्हा."

"पण आपण एकाच घरातले—"

"आपण आहोत. वायोमिंगला ते माहीत नाही."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मोजकेच टॅग असतात, हे मीच त्यांना मोठ्याने वाचून दाखवलं होतं. त्यातला एक मी घेऊन बसले होते. मी, जिने जन्मात कधी कोंबडीसुद्धा शिजवली नव्हती. कोण जाणे, तोच त्यांना मिळायचा असेल. घरी येऊन मी ढसाढसा रडले. नवरा आधी हसला, म्हणाला, "शाकाहारी बाईच्या हातात टॅग म्हणजे त्या एल्कची तर दिवाळीच." माझं तोंड बघितल्यावर उठून चहा टाकायला गेला.

पुढचा आठवडाभर काका आलेच नाहीत. मी दोनदा त्यांच्या दारापर्यंत गेले आणि परत आले. मग एका शनिवारी सकाळी ते रिकामा डबा घेऊन आले. डबा टेबलावर ठेवला आणि विचारलं, "ऑक्टोबरमध्ये सुट्टी मिळेल का तुम्हा दोघांना?"

"कशासाठी?"

"टॅग वाया घालवायचा नसतो," ते म्हणाले. "बंदूक मी देतो. ती कशी धरायची ते शिकवतो. उडवायची की नाही, ते तुझं तू बघ. मी नुसता बरोबर येतो, त्याला काही बंदी नाही."

तो उन्हाळा मी बंदूक शिकण्यात घालवला. गावाबाहेर खडीच्या खाणीत सरावाची जागा होती. काका मागे उभे राहून आवाजावरूनच सांगायचे, श्वास चुकला, खांदा चुकला. खोटं कशाला बोलू, मला ते आवडायला लागलं होतं. ऑक्टोबरात आम्ही तिघं निघालो. गाडी सगळा वेळ नवऱ्यानेच चालवली. मी दशम्या, चटणी आणि मोठा डबाभर चिवडा घेतला होता. काकांनी नेब्रास्का येईपर्यंत निम्मा चिवडा संपवला. शिकाऱ्याने भगभगीत केशरी जॅकेट घालायचं असतं, ते मी घातल्यावर नवरा म्हणाला, "संन्यास घेतेस की काय?"

पहिले दोन दिवस काहीच दिसलं नाही. काकांचे गुडघे त्यांना रस्त्यापासून फार लांब जाऊ देत नव्हते. मला सारखं वाटायचं, मी यांना इथवर आणलं खरं, पण हे म्हणजे दुसऱ्याच्या पंगतीला नुसतं वाढायला बोलावल्यासारखं झालं. तिसऱ्या दिवशी पहाटे नवरा गाडीत झोपला होता. मी आणि काका एका उघड्या माळाच्या कडेला, पडलेल्या झाडाआड बसलो. गवतावर दहिवर पडलं होतं, बोटं बधिर झाली होती. काकांनी प्लॅस्टिकच्या नळीची एक शिट्टी काढली आणि फुंकली.

बराच वेळ काही झालं नाही. मग डोंगरातून उत्तर आलं. आधी घशातला खोल आवाज आणि मग तो वर वर चढत अगदी बारीक होत गेला, गंजलेलं फाटक कुणी हळूहळू उघडावं तसा. एवढ्या मोठ्या जनावराचा आवाज इतका बारीक असेल असं मला कधी वाटलं नव्हतं. काकांनी शिट्टी बाहीला पुसली. त्यांनी पुन्हा फुंकलं.

आणि तो आला. समोरच्या पिवळ्या झाडांमधून बाहेर पडून माळावर येऊन उभा राहिला. बंदूक माझ्या मांडीवर होती. तो गोळीच्या टप्प्यात होता, हे मलाही कळत होतं. आता काय करू, म्हणून मी काकांकडे बघितलं.

काका भलतीकडेच बघत होते. डोळे मोठे करून, सगळा जीव एकवटून, ते रिकाम्या टेकडीकडे बघत होते.

"कुठाय?" त्यांनी कुजबुजत विचारलं.

"समोर. पिवळ्या झाडांपाशी."

"कुठली झाडं?"

मी बंदूक हळूच खाली गवतात ठेवली. त्यांचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि जिकडे एल्क होता तिकडे वळवला. वडिलांच्या वयाच्या माणसाचा चेहरा असा हातात धरायची माझी पहिलीच वेळ होती.

"कधीपासून?" मी विचारलं.

"तीन-चार वर्षं झाली. मधलं सगळं गेलंय. कडेकडेचं थोडं दिसतं." ते त्याच दिशेला बघत राहिले. "सांग ना, कसा आहे?"

मी सांगितलं. मानेवर काळसर केस आहेत, पाठ फिकट, जवळजवळ साईच्या रंगाची. शिंगं मागे झुकलेली, प्रत्येकाला सहा फाटे. श्वासाची वाफ दिसतेय. मागे झाडांत चार-पाच माद्या आहेत, त्यातली एक आपल्याकडे बघतेय. मला इंग्रजी शब्द अडायला लागले की मी सरळ मराठी घालायचे. त्यांनी एकदाही थांबवलं नाही.

"मग तुम्ही अर्ज का करत होता?" मी शेवटी विचारलं. "तुमचं नाव निघालं असतं तर?"

"तर सगळ्यांना सांगावं लागलं असतं," काका म्हणाले. "दर वर्षी पैसे परत आले की मला हायसं वाटायचं. मग रात्रभर झोप यायची नाही." त्यांनी शिट्टी खिशात टाकली. "तुझा नंबर लागला, त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की आता जाता येईल."

एल्क माळ ओलांडून वर चढायला लागला होता. मी काकांचा हात घट्ट धरला आणि तो कुठवर गेला, कुठे थांबला, केव्हा मागे वळून बघितलं, ते तो झाडीत दिसेनासा होईपर्यंत त्यांना सांगत राहिले.