ठशातल्या पाच सुरकुत्या

अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, आयुष्यभर चांदीच्या नाण्यांचे ठसे कोरले. बिबवेवाडीतल्या आमच्या गाळ्यात प्रेस आहे. पोलादी ठशाखाली चांदीची चकती ठेवून दाब दिला, की ठशात कोरलेलं चकतीवर उठतं. आई गेली तेव्हा त्यांनी तिचा चेहरा कोरला, डोळ्याच्या कडेच्या पाच सुरकुत्यांसकट. त्या ठशातून एकच नाणं काढलं आणि मला म्हणाले, "तेल लावून ठेव रे." मी ठसा फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवला. तेल लावायचं राहिलं.

याला सहा वर्षं झाली. पुढे काचबिंदूनं अण्णांची नजर गेली. ते नाणं दिवसभर त्यांच्या मुठीत असतं, त्यावर अंगठा फिरत असतो. शुद्ध चांदी मऊ असते. यंदा म्हणाले, "ही आता बोटाला लागत नाही. एक नवीन काढून दे."

डबा उघडला तर ठसा गंजलेला. भिंगाखाली मोजले : गालावर अकरा खड्डे. ठशातला खड्डा नाण्यावर उंचवटा होऊन येतो. तरी एक चकती मारून पाहिली. नाणं निस्तेज आलं, खरखरीत, गालावर अकरा पुटकुळ्या. घरी नेऊन अण्णांच्या हातात दिलं. त्यांनी अंगठा फिरवला आणि झटकन काढून घेतला.

"हिला काय झालंय?"

"ठशाला गंज आहे, अण्णा."

"तेल लावलं होतंस ना?"

"गालावर अकरा खड्डे आहेत, भिंगाखाली मोजले," मी म्हणालो. बायको चहा ठेवता ठेवता म्हणाली, "यांचं आधी मोजून व्हायचं असेल."

अण्णा हसले नाहीत. "पॉलिश करू नकोस हं. नाणं आरशासारखं येईल, पण बारीक रेघा जातील. मला आहे तशी चालेल."

मला चालेना. माझ्या चुकीच्या पुटकुळ्या घेऊन आई त्यांच्या मुठीत राहणार, हे सहन होईना. काडीला नमदा, म्हणजे लोकरीचं जाड कापड, गुंडाळला, पॉलिशची डायमंड पेस्ट लावली आणि तीन दिवस ठशाच्या आत घासत बसलो. रोज संध्याकाळी एक चकती मारून पाहायची. पुटकुळ्या आधी सात, मग दोन, मग एकही नाही. सुरकुत्या मात्र चार, मग एक, मग तीही नाही.

शेवटचं नाणं असं लखलखत होतं की चेहऱ्याभोवतीच्या सपाट जागेत मला माझा डोळा दिसला. चारही नाणी ओळीनं मांडली. आई माझ्यासमोर लहान होत गेली होती. शेवटच्या नाण्यावरची मुलगी माझ्याहून तीस वर्षांनी धाकटी होती आणि थेट माझ्याकडे बघत होती. परत घासून तिला मोठी करता येणार नव्हतं.

तेच नाणं अण्णांना दिलं. त्यांचा अंगठा बराच वेळ फिरत राहिला.

"ही लग्नाआधीची," ते म्हणाले. "मीसुद्धा पाहिली नव्हती अशी. तू कुठे पाहिलीस?"

"आईच आहे, अण्णा."

"असेल. पण ही मला ओळखत नाही." त्यांनी ते टेबलावर पालथं ठेवलं. "माझी दे."

नवं हातात घेताना त्यांनी बाजूला ठेवलेलं जुनं नाणं मी आधी भिंगाखाली पाहिलं. दोन्ही बाजू गुळगुळीत. उजेडात तिरपं धरलं तर डोळ्याची जागा जेमतेम कळते; बोटाला काहीच लागत नाही. अंगठा नुसता सवयीनं फिरतो का, याची खात्री करावी म्हणून मी ते उलटसुलट फिरवून अण्णांच्या हातात दिलं. एकदा नाही, पाच वेळा. पाचही वेळा अंगठा गोल फिरला आणि डोळ्याच्या कडेला येऊन थांबला. मग तिथून, सावकाश, पाच बारीक रेघा ओढल्यासारखा हलला.

सहाव्यांदा फिरवून बघायचं माझं धाडस झालं नाही.