सांडलेलं रक्त भुरकलं

माझी माय मेंढ्या राखते. गेल्या वर्षी उमापूरच्या शिवारात एडक्यानं तिच्या मांडीवर अशी धडक दिली, की मोसंबीएवढी काळीनिळी गाठ आली. सोनोग्राफीत आत रक्त साकळल्याचं दिसलं. डॉक्टर म्हणाले, तीन आठवडे वाट बघू, नाहीच जिरलं तर छोटा चिरा द्यावा लागेल. मायनं 'चिरा' एवढंच ऐकलं. घरी आल्यावर आपल्यामागं कुठली मेंढी कुणाला द्यायची, तेही सांगून मोकळी झाली.

तीन आठवड्यांनी गेवराईला पुन्हा सोनोग्राफी केली. रिपोर्ट हातात आला, पण डॉक्टर दुसऱ्या पेशंटकडं गेलते. आम्ही दोघी बाहेर बाकावर बसलो. रिपोर्टात एक क्रियापद होतं, 'रिझॉर्ब'. मी शाळेत इंग्रजी शिकवते, तरी मला ते येईना. 'अ‍ॅब्सॉर्ब' ठाऊक होतं, हे नव्हतं. मायनं विचारलं, काय लिहिलंय. मी म्हणाले, बघून सांगते. तिचा चेहरा उतरला. शिकवणाऱ्या पोरीला बघावं लागतंय म्हणजे वाईटच असणार.

मोबाईलवर शब्दकोश उघडला. शब्द मूळचा लॅटिन. 'रे' म्हणजे परत, 'सॉर्बेरे' म्हणजे शोषणं, भुरकणं. 'अ‍ॅब्सॉर्ब'ही त्याच 'सॉर्बेरे'चं लेकरू. शरीरानं आपलंच काही, बाहेर झिरपलेलं रक्त किंवा हाडाचा भाग, विरघळवून परत आत घेतलं, की डॉक्टर हे क्रियापद वापरतात. मी तिला सगळं समजावलं.

तिनं मांडीवरून हात फिरवला. मग म्हणाली, "म्हंजी माझं सांडल्यालं रगात मीच भुरकलं?"

"हां माय. बशीतल्या चहावानी."

तिनं पदर तोंडाला लावला. खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतेय, पण ती हसत होती. मग मलाही आवरेना. कंपाउंडर काय झालं ते बघायला आला, त्याला आम्ही कारणसुद्धा सांगू शकलो नाही. डॉक्टर आले, त्यांनी रिपोर्ट वाचला आणि गाठ जिरत आलीय, कापायचं काम नाही, असं सांगितलं. मायनं उलट त्यांनाच सांगितलं, की लॅटिनमध्ये याला भुरका म्हणतात. त्यांनी गंभीरपणे मान डोलावली.

बाहेर पडल्यावर तिनं पाव किलो जिलेबी घेतली आणि हलवायालाही शब्द शिकवला. एसटीत तर शेजारच्या दोन बायकांकडून तिनं 'सॉर्बेरे' तीनदा म्हणवून घेतलं. उमापूरला उतरताना कंडक्टरनं तिला विचारलं, मावशी, मुतखडा पण असाच भुरकला जातो का?

"न्हाई बाबा," ती ऐटीत म्हणाली, "त्याला डॉक्टरच गाठ."