कोयरीतला चुना

दुपारचे अडीच वाजलेत आणि खिडकीबाहेर तिन्हीसांज झाली आहे. उत्तर स्वीडनमधल्या या गावात जानेवारी असाच असतो. नऊ-साडेनऊला सूर्य पाइनच्या शेंड्यांमागून डोकावतो आणि जेवणं आटोपेपर्यंत निघूनही जातो. ऋजुता इथल्या मातीच्या प्रयोगशाळेत काम करते. पहिल्याच हिवाळ्यात तिनं ठरवून टाकलं होतं की दर शनिवारी घरात ताजी फुलं आली पाहिजेत. ट्यूलिपचे देठ तिरके कापायचे, पाण्यात चिमूटभर साखर आणि दोन थेंब ब्लीच घालायचं, किती दिवस टिकली ते वहीत लिहायचं. काळोखाच्या सहा महिन्यांत तिची खोली या फुलांवरच तगते.

आज मात्र ट्यूलिपऐवजी दुकानात अनंताची कुंडी होती. एक फूल पूर्ण उमललेलं, दुधाळ पांढरं. लेबलवर लिहिलं होतं, ‘चुनखडीचं पाणी घालू नये, पानं पिवळी पडतात.’ ते वाचून ऋजुतानं कुंडी परत ठेवली, दुकानाबाहेर पडली, बस थांब्यापर्यंत गेली आणि परत येऊन तीच कुंडी घेऊन आली.

आता कुंडी खिडकीत आहे आणि खोलीभर वास पसरलाय. तिन्हीसांजेला आडवं पडू नये, असं कुंदाआत्यानं तिला शंभरदा बजावलं असेल. पण अडीच वाजता कसली तिन्हीसांज, असं म्हणत ऋजुता सोफ्यावर पाय पसरते. हीटर मंद कुरकुरतोय. डोळे मिटतात न मिटतात तोच कुणीतरी म्हणतं,

“ऊठ. दिवेलागणीला लोळतेस?”

कुंदाआत्या खिडकीपाशी उभी आहे. मागच्या ऑगस्टमध्ये चिपळूणच्या दवाखान्यात ती वारली. अंगावर तेच निळ्या काठाचं सुती पातळ, काठ ओला.

“अडीच वाजलेत फक्त, आत्या.”

“घड्याळ मला शिकवू नकोस. देव कुठायत तुझे?”

“इथे देव नाही मांडलेत मी.”

“मग ही फुलं कुणाला?”

“मलाच. खोलीत जरा उजेड वाटतो.”

“उजेड!” आत्या बरणीतले मागच्या आठवड्याचे ट्यूलिप मानेला धरून उपसते. “मेलेलं आणायचं, साखरेच्या पाण्यात उभं करायचं आणि किती दिवस तग धरतंय ते लिहून ठेवायचं. मीही अकरा दिवस तग धरला होता. माझे दिवस लिहिलेस का गं वहीत?”

“मला निघता आलं नाही. माझा प्रयोग अर्ध्यावर होता.”

“तुझा प्रयोग नेहमी अर्ध्यावरच असतो.”

ऋजुताला राग येतो. मेलेल्या माणसाचा इतका राग येऊ शकतो याचं तिला नवलही वाटतं. ती उठून कुंडीपाशी जाते, पण खिडकीचा कट्टा आता विहिरीचा कठडा झालाय. चिपळूणचं मागचं अंगण आहे. चिऱ्यांवर बर्फ साचलाय, रहाटावरही साचलाय. कुंडीतला अनंत माणसाच्या उंचीचा झाला आहे आणि त्याचं पान न् पान पिवळं आहे. फक्त शिरा हिरव्या.

हे झाड ऋजुता ओळखते. आईवडिलांच्या बदलीच्या नोकऱ्या, म्हणून पाचवीपासून ती आत्याकडे शिकायला होती. आठवीत तिनं कुठंसं वाचलं की मातीत चुना मिसळला की काही फुलांचा रंग बदलतो. भिंतींना लावून उरलेला चुना परसात डब्यात होता. रोज शाळेत जाण्याआधी ती त्याची निवळी तांब्याभर अनंताला घालायची. एकवीस दिवस. वहीत तारखा होत्या, आणि शेवटच्या रकान्यात ‘अजून पांढरंच’. रंग बदलला तो पानांचा. मग झाड वाळलं.

त्याच सुमारास शेजारच्या इंदूकाकू बर्वे यांनी लेकीच्या वेणीसाठी एक फूल तोडलं होतं, तेही दिवेलागणीला. झाडं झोपली की त्यांना हात लावायचा नाही, हा आत्याच्या घरचा नियम. आत्यानं ऋजुताला विचारलं, “तिन्हीसांजेला बर्वीणच आली होती ना झाडापाशी? तू पाहिलंस ना?” ऋजुतानं मान हलवली. खोटं काहीच नव्हतं त्यात. तिनं पाहिलं होतं.

त्या वर्षी आत्यानं संक्रांतीच्या हळदीकुंकवाला इंदूकाकूंना बोलावलं नाही. इंदूकाकूंचा हात वाईट, हे गल्लीत सगळीकडे झालं. पुढच्या वर्षी आणखी दोन घरांनी वगळलं. मग सगळ्यांनीच.

“चल, बायका खोळंबल्यात,” आत्या म्हणते.

त्या दोघी फुलांच्या दुकानात आहेत. स्वीडनमधलंच दुकान. फुलांच्या बादल्या भिंतीशी सरकवून सतरंजी अंथरली आहे. बायका मांडी घालून बसल्यात, सगळ्यांच्या तोंडातून वाफ निघतेय. एक पाट रिकामा आहे.

आत्या तिच्या हातात हळदीची कोयरी देते. “लाव सगळ्यांना. त्या पाटाकडे जायचं नाही.”

“तिथे कोण बसणार आहे?”

“माहीत असून विचारू नकोस. बर्वीण बाहेर उभी आहे. दार उघडलंस तर याद राख.”

काचेच्या दारापलीकडे बर्फात खरंच कुणीतरी उभं आहे. हातात फुलांची परडी. आत्या दवाखान्यात होती तेव्हाही इंदूकाकू अशीच परडी घेऊन गेल्या होत्या आणि आत्यानं त्यांना दारातूनच परत पाठवलं होतं. बाबांनी फोनवर सांगितलं तेव्हा ऋजुतानं विषय बदलला होता.

“आत्या, इंदूकाकूंचा काही दोष नव्हता. अनंताला मी चुना घातला. तीन आठवडे.”

आत्या हसते, पण त्या हसण्यात माया नाही.

“मला ठाऊक होतं. डबा अर्धा झालेला मला दिसला नसेल? झाडाच्या बुंध्याशी पांढरा थर होता.”

“मग काकूंना का धरलंस?”

“घरच्या पोरीचं नाव घेऊ? शेजारीण होतीच की. तशीही मला ती आवडत नव्हती.”

ऋजुता तिच्याकडे बघत राहते. हे तपासता येणार नाही, तिच्या मनात येतं. स्वप्नातलं माणूस आपल्याला माहीत आहे तेवढंच बोलतं, किंवा आपल्याला सोयीचं तेवढंच.

“हे तू बोलतेयस की माझंच डोकं?”

“त्यानं काय फरक पडतो?” आत्याचा चेहरा अगदी जवळ येतो. पातळाला ओल्या मातीचा वास आहे. “मला कळून उपयोग काय, मी मेलेय. तिला कुणी सांगितलंय? आणि वर आज त्याच झाडाची कुंडी घरात आणलीस. उजेडासाठी! लाव म्हणते ना हळद!”

ती ऋजुताचं मनगट पकडते आणि बोट कोयरीत खुपसते. कोयरीत हळद नाही. पांढरं, चिकट, थंड काहीतरी आहे आणि ते नखाखाली झोंबतं. आत्या दाबतच राहते.

“दुखतंय, आत्या!”

“दुखू दे.”

ऋजुता सोफ्यावर उठून बसते. तीन वाजून चाळीस मिनिटं. काळोख. हीटर कुरकुरतोय, ट्यूलिप बरणीत जागच्या जागी आहेत.

उजव्या हाताच्या अनामिकेच्या नखाखाली पांढरं भरलंय आणि कड झोंबते आहे.

ती दिवा लावते आणि नीट बघते. घाई करत नाही. स्वयंपाकघरातून हळदीचा डबा आणते, पांढऱ्या बशीत तीन चिमटी टाकते, प्रत्येकीवर थेंब थेंब पाणी. पहिल्या चिमटीत कुंडीतली माती. पिवळीच राहते. दुसऱ्या चिमटीत खिडकीच्या रंगाची खपली. पिवळीच. तिसरीत ती नखाखालचं टोकरून घालते.

हळद लालभडक होते. कुंकवासारखी.

या घरात चुना नाही. कधीच नव्हता.

चिपळूणला आता आठ वाजून गेले असतील. इंदूकाकूंचा नंबर तिच्याकडे वडिलांनी पाठवलेला पडून आहे, ऑगस्टपासून. ती लावते. सहा वेळा वाजतो.

“कोण?”

“काकू, मी ऋजुता. कुंदाआत्याची भाची.”

पलीकडे टीव्हीचा आवाज बंद होतो. “मग? आता काय राहिलंय?”

“तुम्हाला अनंताचं सांगायचंय. ते झाड कशानं गेलं ते.”

ऋजुता बशीकडे बघते. लाल ठिपका कडेनं वाळायला लागलाय.

“तेरा वर्षं झाली गं,” काकू म्हणतात. आवाजात ओलावा नाही. “बोल. ऐकते मी.”